मुकादम आणि शिळं पाणी

मासा आजारी आहे हे बाबांनी माझ्यापासून अकरा दिवस लपवलं. मी त्यांना रोज दोनदा फोन करते, म्हणजे बावीस फोन झाले, आणि बाविसाव्या फोनलाही ते "झकास हाय" म्हणाले. माझे बाबा खोटं बोलत नाहीत. म्हणजे त्यांना ते जमत नाही. आई म्हणायची, यांनी खोटं बोलायला तोंड उघडलं की आधी खोकला बाहेर येतो. त्या अकरा दिवसांत ते फोनवर फार खोकले, आणि मी मूर्खासारखी त्यांना आलं-मधाचा काढा सांगत बसले.

बाबांचं नाव धोंडिराम. वय एकाहत्तर. भांडुपच्या डोंगरउतारावर एका चाळीत त्यांच्या दोन खोल्या आहेत आणि तिथपर्यंत चढून जायला चौऱ्याऐंशी पायऱ्या आहेत. त्या मी मोजल्यात, कारण बाबा कुठल्या पायरीवर पडतील याचा विचार करण्यात माझी दोन वर्षं गेली आहेत. पालिकेच्या पाणीखात्यात ते चावीवाले होते. कुलपांचे नव्हे. रस्त्याखालून पाण्याचे मोठे नळ जातात, त्यांच्यावर झडपा असतात. ठरल्या वेळेला लोखंडी झाकण उचलायचं, माणसाच्या उंचीची चावी आत घालायची आणि झडप फिरवायची, की त्या भागाला पाणी सुटतं. हे काम त्यांनी एकतीस वर्षं केलं. घरी येऊन चहा पिताना म्हणायचे, "आज अर्ध्या भांडुपाला पाणी पाजून आलो." त्यावर आई म्हणायची, "मग आता घरचा हंडा तेवढा उचला."

पाणी आलं की आमच्या घरी पहिलं काम म्हणजे कालचं ओतायचं. माठ, हंडा, कळशी, सगळं रिकामं करून घासायचं आणि ताजं भरायचं. मुंबईत निम्म्या घरांत हेच चालतं, पण बाबांचं त्यात जरा जास्तच होतं. संध्याकाळी भरलेला पेला रात्रीपर्यंत तसाच राहिला तरी ते उचलून मोरीत ओतायचे. "शिळं पानी जित्या जिवाला द्यायचं नाय," एवढंच बोलायचं. मी लहानपणी हसायचे. कारण मला बरंच उशिरा कळलं. त्यांचं गाव माण तालुक्यातलं. तिथल्या आडाला आमच्या लोकांनी हात लावायची सोय नव्हती. माझी आजी घागर घेऊन कडेला बसून राहायची आणि वरच्या आळीतल्या कुणाच्या मनात आलं तर तो वरून ओतायचा. नाही आलं, तर त्या दिवशी पोरांनी परवाचं पाणी प्यायचं, तळाशी हिरवट झालेलं. ही गोष्ट बाबांनी मला जन्मात एकदाच सांगितली आणि सांगून झाल्यावर उठून माठ घासायला घेतला.

आई गेली आणि बाबा एकटे राहायला लागले. पहिलं वर्ष नीट गेलं. मग ऑक्टोबरात त्यांनी दूध गॅसवर ठेवून दिलं आणि ते खाली पेपर आणायला गेले. पातेलं काळं ठिक्कर, चाळभर धूर. त्यानंतर पंधरा दिवसांनी दाराला बाहेरून किल्ली तशीच लटकत राहिली. हे सगळं मला शेजारच्या मालनकाकूंकडून कळायचं. काकू चांगल्या आहेत, पण त्यांचं नाव फोनवर दिसलं की मी फोनच्या आधी पर्स उचलायचे. मुलुंडला ऑफिसात बसून मी विमा-दाव्यांचे कागद तपासते. दिवसभर दुसऱ्यांच्या घरी काय काय जळतं, बुडतं, पडतं हेच वाचायचं. त्यामुळे मला भीती वाटायला फार लांब जावं लागत नाही.

नाशिकला असलेला माझा भाऊ प्रबुद्ध आणि मी मिळून ठरवलं, की मार्चमध्ये अस्मिताची, म्हणजे माझ्या मुलीची, परीक्षा संपली की बाबांना मुलुंडला आणायचं आणि खोल्या बंद करायच्या. सहा डिसेंबरला आम्ही दादरला जाऊन आलो आणि दुसऱ्या दिवशी, रविवारी, भांडुपला जेवायला जमलो, तेव्हा मी हे बाबांना सांगितलं. ते भडकले.

"मला काय धाड भरलीय? मी काय पांगळा झालोय?"

"बाबा, दूध विसरलात तुम्ही."

"एकदा!"

"आणि किल्ली?"

अस्मितानं त्या दिवशी आजोबांना सोबत म्हणून एका काचेच्या बरणीत मासा आणला होता. बेट्टा. दुकानदार त्याला फायटर म्हणतात. निळाशार, लाल पंखांचा, अंगठ्याएवढा. तो मधे ठेवलेला आणि आम्ही दोघं त्याच्या डोक्यावरून भांडत होतो. मी वरण ढवळत होते. हात भाजत होता, बाबा ऐकत नव्हते, आणि माझी जीभ सुटली. "ठीक आहे," मी म्हटलं. "हा मासा तीन महिने जगवून दाखवा. मग राहा इथं."

बाबांनी माशाकडे बघितलं. मग त्यांनी विचारलं, "आज तारीख काय?"

"सात."

"बरं," ते म्हणाले आणि बरणी उचलून खिडकीपाशी ठेवली.

मी रागात बोलले होते. पण एकतीस वर्षं साहेबांच्या तोंडी हुकमावर झडपा फिरवलेल्या माणसाला राग आणि हुकूम वेगळे करता येत नाहीत. आणि खरं सांगायचं तर मीही पुढे ते बोलणं मागे घेतलं नाही. मनात कुठंतरी वाटलं, बरंच झालं. मासा मेला तर बाबांना समजावणं सोपं जाईल. हे लिहायला मला लाज वाटते, पण वाटलं होतं.

अस्मितानं आजोबांना नीट समजावलं होतं. दिवसातून दोनदा तीन-तीन दाणे, जास्त नाही. पाणी स्वच्छ ठेवायचं. बरणीवर झाकण ठेवायचं, कारण हा उडी मारतो. बाबांनी एकदा बरणीजवळ स्टीलचा चमचा नेला, तर त्यात स्वतःचंच रूप बघून मासा गालफडं फुगवून, पंख ताठ करून धावून आला. बाबा खूश. "आमच्या खात्यात असा एक मुकादम होता," म्हणाले. "काम काय नाय, अंगावर धावून यायचा नुसता." तेव्हापासून त्याचं नाव मुकादम.

डिसेंबर चांगला गेला. फोनवर आधी मुकादमाची खबर, मग स्वतःची. जानेवारी लागला आणि खबरी आखडल्या. मी विचारायचे, "मासा कसा आहे?" बाबा खोकायचे. "झकास हाय. तू जेवलीस?" मी म्हणायचे, व्हिडिओ कॉल करा, दाखवा. तर चार्जिंग नसायचं, नाहीतर उजेड नसायचा. मग मालनकाकूंचा फोन आला.

"संघमित्रा, तुला सांगू की नको असं झालंय. तुझे बाबा सकाळी बरणीशी बोलतात गं."

"काय बोलतात?"

"‘खा रे, खा,’ म्हणतात. ‘माझी इज्जत घालवू नको,’ म्हणतात. मी भिंतीपलीकडून ऐकलं. रडल्यासारखा आवाज होता."

माझ्या डोक्यात लगेच सगळी साखळी जुळली. दूध, किल्ली, लपवाछपवी, आता हे. बाबांचं डोकं काम करेनासं झालंय का? ते मासाच विसरले असतील, दिवसाआड उपाशी ठेवत असतील, नाहीतर दिलेलं विसरून चार वेळा देत असतील. प्रबुद्धला फोन केला, तो म्हणाला, मार्चपर्यंत थांबू नकोस. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि न सांगता भांडुपला गेले. चौऱ्याऐंशी पायऱ्या एका दमात चढले.

दार उघडं होतं. बाबा खिडकीपाशी स्टुलावर बसले होते. मला बघून असे उठले, की जणू साहेब अचानक तपासणीला आला. बरणीत मुकादम एका कुशीवर तळाला टेकला होता. निळा रंग विटलेला, पंख अंगाला चिकटलेले आणि कडेनं कुरतडल्यासारखे फाटलेले. मधेच धडपडत वर यायचा, एक घोट हवा घ्यायचा आणि पुन्हा खाली पडायचा.

"मी इसरलो नाय गं," बाबा म्हणाले. नमस्कार नाही, बस नाही, हेच पहिलं वाक्य. "एक दिवस नाय इसरलो. शप्पत."

मी पोलिसासारखी उलटतपासणी घेतली. किती वेळा घालता? दोनदा. किती? तीन दाणे, सकाळी सातला, संध्याकाळी सातला. दाण्यांची डबी दाखवा. डबीत बरोबर तेवढे कमी झाले होते. साबण लावला होता का बरणीला? नाही, नारळाच्या शेंडीनं घासतो. मला एकही चूक सापडेना, आणि खरं सांगते, चूक सापडत नाही म्हणून मी जास्त घाबरले.

"चला," मी म्हटलं, "दुकानात दाखवू."

पायऱ्या उतरताना बाबांनी बरणी दोन्ही हातांत धरली होती आणि मी मागून त्यांचा सदरा. "मला धरू नको," ते म्हणाले, "बरणी हिंदकळतेय. त्याला त्रास होतो."

स्टेशनाजवळ चंद्रप्रकाश नावाच्या माणसाचं माशांचं दुकान आहे. त्यानं बरणी उजेडात धरली आणि चुकचुकला. "काका, याचे कल्ले बघा, लाल झालेत. जळालाय हा. पाणी कधी बदलता?"

"रोज," बाबा म्हणाले. आवाजात जरा अभिमानच होता.

"रोज? किती?"

"सगळं. पाच वाजता पानी येतं. कालचं ओततो, बरणी घासतो, ताजं भरतो. एक दिवस चुकवलं नाय."

"नळाचं? डायरेक्ट?"

"मग! शिळं कसं देनार?"

चंद्रप्रकाशनं कपाळावर हात मारला. "काका, वाट लावलीत ना त्याची. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं. आपल्याला चांगलं आहे ते, त्याला नाय चालत, कल्ले जळतात. आणि या थंडीत पहाटेचं पाणी म्हणजे बर्फ. रोज सकाळी तुम्ही त्याला गार पाण्यात टाकून दवा पाजताय यार. याला शिळंच पाणी पाहिजे. बादलीत एक दिवस उघडं ठेवलेलं, म्हणजे क्लोरीन उडून जातं."

"शिळं?" बाबांनी विचारलं.

"शिळं. आणि सगळं नाय काढायचं. दोन-तीन दिवसांनी पाव हिस्सा फक्त. ही बरणी पण नको, दहा-बारा लिटरचा टब घ्या. देशी बदामाचं वाळलेलं पान टाका त्यात, झाडाचं गळलेलं, धुऊन. पाणी चहासारखं होईल, होऊ द्या. जखमा भरतात त्यानं. दोन दिवस खायला नको."

"वाचेल?" मी विचारलं.

"सांगता नाय येत, ताई."

आम्ही टब घेतला, शाळेच्या कुंपणाला लागून बदामाचं झाड आहे, त्याची चार पानं उचलली आणि पायऱ्या चढायला लागलो. तिसाव्या पायरीवर ते थांबले. मला वाटलं दम लागला.

"क्लोरीन मला ठाऊक होतं गं," ते म्हणाले. "बाटलीत पानी घेऊन त्यात थेंब टाकायचे आमचे लोक. पिवळं झालं की समजायचं, पोचलं. पिवळं झालं नाय तर मीच वर फोन करायचो. लोकांना पोचायला पायजे म्हणून." मग बरणीकडे बघून म्हणाले, "त्याला बी पोचवलं मी."

मला त्यांच्याकडे बघवेना. बाबा काहीही विसरले नव्हते. उलट एक दिवसही न विसरता, पहाटे उठून, त्यांनी त्या जिवाला आपल्याकडचं सगळ्यात चांगलं दिलं होतं. आणि मी आले होते त्यांचं डोकं तपासायला.

मी दोन दिवस रजा वाढवली. चंद्रप्रकाशकडून क्लोरीन मारायचं औषध आणलं होतं, त्यावर पहिला टब भरला. दुसऱ्या दिवसापासून बादली. कोपऱ्यात पाणी भरून, डासांसाठी वर पातळ फडकं बांधून, ती चोवीस तास तशीच ठेवायची. बाबांना ते बघवत नव्हतं. पाच वाजता नळाला पाणी आलं की त्यांचे हात आपोआप त्या बादलीकडे जायचे आणि ते स्वतःलाच ओरडायचे, "ए, ठेव!" टबातलं पाणी पानानं तांबूस झालं तेव्हा तर ते अस्वस्थ होऊन येरझाऱ्याच घालायला लागले. नोकरीत तांबूस पाणी म्हणजे कुठंतरी नळ फुटलाय, धावा. तसल्या पाण्यात मुकादमाला ठेवून हात बांधून बसायचं, ही त्यांना शिक्षाच होती. मालनकाकू डोकावून गेल्या आणि मला बाहेर बोलावून म्हणाल्या, "अगं, कालचं पाणी झाकून ठेवतात हे! यांना डॉक्टरकडे ने."

मुकादम दोन दिवस हलला नाही. तिसऱ्या दिवशी मला ऑफिसला जावंच लागलं. जाताना मी टबावर वाकून बघितलं, कल्ले उघडमिट करत होते, बस. मी त्याला मनातल्या मनात म्हटलं, मेलास तर बघ. महिन्यापूर्वी त्याच्या मरण्यानं माझं काम सोपं होणार होतं, आणि आता तो जगावा म्हणून मी त्याला दम देत होते. दिवसभर फोन उलटा करून ठेवला. बाबांचा फोन येऊ नये, असं वाटत राहिलं.

चौथ्या दिवशी त्यानं दाणा तोंडात घेऊन थुंकून टाकला. सहाव्या दिवशी गिळला. मग दोन दिवस पुन्हा काही खाल्लं नाही. आता मीच बाबांना दिवसातून चारदा फोन करत होते, आणि ते न खोकता खरं सांगत होते, त्यामुळे काळजी दुप्पट झाली होती. पंखाची एक चीर आणखी फाटल्यासारखी वाटते. आज रंग बरा वाटतो. नाही, तो उजेड होता.

दहाव्या दिवशी सकाळी सव्वासहाला फोन वाजला. बाबांचं नाव. ते कधीच स्वतःहून फोन करत नाहीत. मी उचलायच्या आधी पलंगावर बसून घेतलं.

"मित्रा! धावून आला गं माझ्यावर! चमचा नेला तर गालफडं फुगवली!"

मी रडले. बाबांना वाटलं, माझ्याकडे काही झालं.

त्यानंतर मुकादम सुधारत गेला. पंखांना कडेनं नवी, पारदर्शक झालर फुटली. फेब्रुवारीच्या शेवटी तर त्यानं पानाखाली बुडबुड्यांचं घरटं केलं. चंद्रप्रकाश म्हणाला, खुशीत असला की करतो. मी निर्धास्त झाले. ऑफिसचं मार्चचं काम अंगावर आलं आणि मी ती भांडुपची काळजी बाजूला टाकली. प्रबुद्धला मी सांगितलं होतं, की बाबांना हलवायचं नाही, त्यांचं डोकं माझ्यापेक्षा ठीक आहे. गॅसला आपोआप बंद होणारी झडपही आम्ही बसवून घेतली. हे सगळं आम्हा बहीण-भावांत बोलून झालं. बाबांना सांगायचं राहिलं. त्यात सांगायचं काय, असंच मला वाटलं होतं.

सात मार्चला शनिवार होता. मी अस्मिताला क्लासला सोडून सहज भांडुपला गेले. बाबांनी इस्त्रीचा पांढरा सदरा घातला होता आणि दाढी केली होती. खोली झाडून लख्ख. टब खिडकीपाशी, मुकादम मजेत फिरतोय.

"कुठे निघालात?" मी विचारलं.

"कुठं नाय. तू येशील वाटलं."

मी पाणी प्यायला आत गेले. आतल्या खोलीत पलंगावर बाबांची कापडी पिशवी होती, तोंडापर्यंत भरलेली. वर घडी केलेला टॉवेल. टॉवेलाखाली त्यांचे कपडे, औषधाची पुडकी, पेन्शनचं पुस्तक आणि सगळ्यांत खाली, लुगड्यात गुंडाळलेला आईचा फोटो. भिंतीवर नुसता खिळा.

"बाबा, हे काय?"

ते दारात येऊन उभे राहिले. "जानेवारीत भरली होती. मासा जातोय असं दिसलं तवा. तू न्यायला आलीस तर तुझा खोळंबा नको, तुला सुट्टी नसते." मग त्यांनी सदरा नीट केला. "आज तीन महिने झाले, मित्रा. मुकादम जिता हाय. तू बघ पायजे तर."

मी बघतच होते, पण मुकादमाकडे नाही. दीड महिना माझे बाबा फोटो नसलेल्या भिंतीखाली झोपले होते. त्यातले दोन दिवस मीही याच घरात होते, आणि माझं लक्ष टबावरून हललं नव्हतं. मी त्यांच्याशी दिवसातून चारदा बोलत होते आणि चारही वेळा माशाचीच चौकशी करत होते.

"मग," त्यांनी विचारलं, "ऱ्हाऊ ना मी हितं?"

अर्ध्या भांडुपाला पाणी सोडणारा माणूस स्वतःच्या घराच्या उंबऱ्यावर उभा राहून, स्वतःच्या मुलीला हे विचारत होता. मी पिशवीतून आईचा फोटो काढला, पण खिळ्याला लावताना दोरा सापडेना.

"बाबा, असं मला नका ना विचारू," मी म्हटलं. "तुमचं घर आहे हे."

"मग कुनाला विचारू?" ते म्हणाले.

त्यांना खरंच ते माहीत करून घ्यायचं होतं. माझ्या उत्तरासाठी ते दारातच उभे होते.